खोडलेल्या दोन ओळी

आजीचं एक पत्र सापडलं. 1968 सालचं, तिने सासरहून भावाला लिहिलेलं. आईच्या मामांच्या लोखंडी ट्रंकेत, सातबाराच्या कागदांखाली होतं. पाकिटावरचा पत्ता निळ्या शाईतला, पण इतका विटलेला की नुसता डाग वाटावा. आतलं पत्र वहीच्या पानावर, पेन्सिलीने. आणि मधल्याच दोन ओळी निळ्या शाईने गिरवून गिरवून खोडलेल्या.

पत्ता वाचणं सोपं गेलं. फोनवर फोटो काढला, एडिटिंग अॅपमध्ये लाल, हिरवा, निळा असे रंग वेगळे केले आणि फक्त लाल ठेवला. निळी शाई लाल प्रकाश शोषते, म्हणून त्या चित्रात ती गडद दिसते. गावाचं नाव वर आलं. भारी वाटलं. मग सुचलं, हीच युक्ती उलटी केली तर? फक्त निळा ठेवला तर निळी शाई फिकी पडेल, पेन्सिल काळीच राहील. म्हणजे खोडलेलं वाचता येईल.

बोट तिथेच अडलं.

पत्ता वाचताना मनात काहीच आलं नव्हतं, मग आता का? कारण पत्ता काळाने पुसला होता, आणि काळाला काही लपवायचं नसतं. उजेडाने शाईतला रंग मोडतो, एवढंच. खोडणं मात्र कुणीतरी ठरवून केलेलं असतं. ते ‘कुणीतरी’ कोण, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आर्किमिडीजचे ग्रंथ दहाव्या शतकात चर्मपत्रावर उतरवले गेले होते. 1229 मध्ये कुणीतरी ती पानं खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या. 1999 पासून बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियमच्या पुढाकाराने वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात आणि क्ष-किरणांखाली ती पानं पुन्हा वाचली गेली. इथे कुणाचीच हरकत नसावी. खरवडणाऱ्याला काही दडवायचं नव्हतं, त्याला कोरी पानं हवी होती.

मारी आंत्वानेत आणि स्वीडिश सरदार फेर्सन यांच्या पत्रांत ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या होत्या. दोन शायांमधलं तांबं-लोखंडाचं प्रमाण वेगळं असतं, ते क्ष-किरणांनी मोजून संशोधकांनी 15 पैकी 8 पत्रांतला खोडलेला मजकूर वाचला. हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. खोडणारा हात बहुधा खुद्द फेर्सनचाच निघाला. राणीचे शब्दसुद्धा त्याने झाकले, कदाचित तिला जपण्यासाठी. पण जपण्यासाठी का होईना, तिचे शब्द झाकायचा निर्णय तिचा नव्हता.

आणि अॅन फ्रँक. तिने डायरीची दोन पानं स्वतः तपकिरी कागद चिकटवून बंद केली होती. तेरा वर्षांची होती. 2018 मध्ये त्यांतला मजकूर जाहीर झाला: काही चावट विनोद आणि लैंगिक शिक्षणाबद्दलच्या ओळी. त्यातून ती आपल्यासारखीच एक मुलगी होती हे दिसतं, असं म्हणतात. खरंच आहे. पण तिने पान चिकटवलं होतं, हेसुद्धा तेवढंच खरं आहे. त्या कागदाचा अर्थ ‘वाचू नका’ एवढाच होता, आणि तो समजायला कुठलंही तंत्रज्ञान लागत नाही.

म्हणजे काळाने पुसलं तर वाचावं. स्वतः पुसलं असेल तर थांबावं. आणि दुसऱ्याने पुसलं असेल तर? तेव्हा न वाचणं म्हणजे त्या दुसऱ्याचंच काम पूर्ण करणं.

आजीच्या ओळी यातल्या कुठल्या? मला ठरवता येईना, म्हणून आईला दाखवलं. तिने पत्र उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं.

“तिलाच पुसायचं असतं तर रबराने पुसलं असतं,” ती म्हणाली. “पेन्सिलीनेच तर लिहिलंय. आणि घरात पेन एकच होतं, बाबांच्या खिशात.”

हा काही पुरावा नाही. कदाचित रबर नसेल. कदाचित आजीनेच पेन मागून घेतलं असेल. पाकिटावरचा पत्ता तर आजोबांच्याच अक्षरात होता, म्हणजे पत्र बंद होण्याआधी त्यांच्या हातात गेलं होतं, एवढं नक्की.

आपल्याकडे आता फोन आहे, त्यामुळे ‘वाचता येतं का’ हा प्रश्न मिनिटभरात सुटतो. म्हणून तोच एक प्रश्न आहे असं वाटू लागतं. पण वाचता येणं हा हक्क नाही. आणि वाचणं आणि फॅमिली ग्रुपवर टाकणं, या तर दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. आजी तिच्या दादाला सांगत होती, आपल्या सगळ्यांना नाही.

मी फोन आईच्या हातात दिला. कुठे दाबायचं ते सांगितलं आणि बाहेर जाऊन बसलो. तिची आई होती, ठरवायचं तिने.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. फोन परत दिला. फोटो डिलीट केलेला होता, पत्र मात्र तिने नीट घडी घालून कपाटात ठेवलं होतं.

“चहा टाकते,” म्हणाली.

मी विचारलं नाही.