पुढें होणें आणि आधीं सिद्ध असणें

संकट डोळ्यांपुढें आलें असतां कोणी सांगण्याची वाट न पाहतां पुढें होणें हा एक सद्गुण आहे. संकट येण्यापूर्वींच तें ओळखून तजवीज करून ठेवणें हा दुसरा. पहिल्याची आपण स्तुति करितों. दुसऱ्याची आठवण सहसा होत नाहीं.

लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायांतील शोमरोनी मनुष्य घायाळास पाहून पुढें झाला. याजक व लेवी बाजूनें निघून गेले होते. त्याची करुणा धन्य होय. तथापि तेल व द्राक्षारस हीं त्याच्याजवळ होतीं, म्हणून त्यास जखमा बांधतां आल्या, हेंही ध्यानांत घ्यावें. योसेफानें तर (उत्पत्ति ४१) सुकाळाच्या ७ वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत भरला. त्या वेळीं त्याच्या कामाची थोरवी किती जणांस कळली असेल? पुढें त्याच धान्यावर मिसर देश जगला, आणि त्याचे भाऊही जगले.

पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत गेल्या व अनाथ मुलींस घेऊन आल्या. हें पुढें होणें झालें. परंतु केडगांवची जमीन शारदासदनाच्या निर्वाहासाठीं त्यांनीं आधींच घेतली होती. म्हणून त्या मुलींस आसरा मिळाला.

कोणी म्हणेल, उद्यांची चिंता करूं नये अशी प्रभूची आज्ञा आहे. खरें, पण चिंता निराळी आणि तजवीज निराळी. चिंता करणारा रात्रभर जागतो व सकाळीं रिकाम्या हातांनीं उठतो. तजवीज करणारा मूठभर धान्य बाजूला ठेवून देवाच्या भरंवशावर निजतो.

आम्ही आपला दोष कबूल करितों. एका बंधूची उपासनेंतील जागा तीन महिने रिकामी होती. तो आजारी व कर्जबाजारी असल्याचें कळलें तेव्हां आम्ही धांवलों व वर्गणी जमविली. पण तोंवर त्याची बैलजोडी सावकाराकडे गेली होती. लोकांनीं आमची वाहवा केली. आमचें मन मात्र आम्हांस दोषी ठरवीत होतें.

तर उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं उपासनेस कोण आलें नाहीं हें पाहा, आणि सूर्य मावळण्याच्या आंत त्याच्या दारीं जा. प्रत्येक घरानें दळणाच्या वेळीं मूठभर धान्य मंडळीसाठीं निराळें काढावें. प्रभु आम्हां सर्वांस दयाळू हात आणि जागे डोळे देवो. आमेन.