दिशांची मर्यादा

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं अंदमानला जाऊन आलो. ग्वाल्हेरची थंडी मागे टाकून घामाच्या धारांत उतरलो, त्याचंच आधी अप्रूप. मराठी माणूस तिथे जातो तो मुख्यतः सेल्युलर जेलसाठी. सावरकरांची कोठडी पाहिली. बाहेर आल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. तिथे हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे रात्री न जेवणाऱ्या आम्हा दोघांची साडेचारलाच जेवणाची घाई. हॉटेलातला पोऱ्या हसायचा, पण वेळेवर वाढायचा.

चौथ्या दिवशी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायच्या होत्या. तिकडचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटेच गाड्यांची रांग लागते आणि ठरल्या वेळी सगळा ताफा पोलिसांबरोबर आत सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला काही द्यायचं नाही. ड्रायव्हरने हे दोनदा सांगितलं.

गाडी जंगलात शिरली आणि आम्ही सगळे काचेला चिकटलो. मीसुद्धा. गुहा कुणाच्या लक्षातही नव्हत्या. एका वळणावर दोन मुलगे आणि एक बाई उभी दिसली. क्षणभरच. मागच्या सीटवरून कुणी तरी हसून म्हणालं, "अय्या, कपडेच नाहीत की!" आणि मी मान मोडेपर्यंत मागे वळून पाहत राहिले.

ते हसणं माझ्या ओळखीचं होतं.

आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, उरवाई दरवाजाच्या वाटेवर, कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. पंधराव्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळातल्या. आदिनाथांची उभी मूर्ती तर पन्नास फुटांहून उंच. १५२८ साली बाबर तिथे आला. जागा त्याला आवडली, पण मूर्ती नग्न आहेत हा दोष त्याला खुपला आणि त्या फोडायचा हुकूम त्याने दिला, हे त्यानेच लिहून ठेवलंय. आजही तिथे सहलीला आलेली मंडळी एकमेकांना कोपर मारून हसतात. इतकी वर्षं मला त्याचा राग येत आला. आणि त्या दिवशी त्याच नजरेने पाहणाऱ्यांत मी होते.

तीर्थंकरांची दिगंबर अवस्था हा त्याग आहे; जारवांची ती रोजची राहणी आहे. दोन्ही एक नव्हेत, आणि त्यांना साधू ठरवण्याचाही मला अधिकार नाही. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यातला दोष मात्र एकच.

संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, आपण कुणाला काय त्रास दिला? पाहिलं फक्त."

पाहिलं फक्त! १८५८ मध्ये इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक हजारोंनी होते. गोवर आणि इतर रोग बाहेरून आले. आज ते जेमतेम पन्नासच्या आसपास उरलेत. जारवा लोक १९९७च्या सुमाराला आपणहून बाहेर येऊ लागले, आणि १९९९ मध्ये त्यांच्यातही गोवराची साथ आली. मारायचं म्हणून नाही मारलं कुणी. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: अनर्थदंड. गरज नसताना, नुसत्या हौसेपायी घडणारी हिंसा. उत्तरेकडच्या गावकऱ्याला दवाखान्यासाठी, बाजारासाठी तो रस्ता लागतो, त्याची गोष्ट निराळी. माझी गरज कोणती होती?

कुणी म्हणेल, मग माणसाने घरातच बसावं का? नाही. ती कोठडी पाहिली नसती तर मी काही तरी गमावलं असतं. पण ती दाखवण्यासाठीच जपून ठेवलेली आहे. जंगलातल्या त्या बाईने मला बोलावलं नव्हतं.

माझ्या सासूबाईंनी दिग्व्रत घेतलं होतं. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. त्यापलीकडे जन्मात जायचं नाही. मी तेव्हा सून म्हणून नवी, बी.ए. झालेली. मनात हसले होते, जग चंद्रावर गेलं आणि आमच्या आई हस्तिनापूरला थांबल्या! आता त्या व्रताचा अर्थ कळतो. श्रावकाचारात सांगितलंय की सीमा ठरवावी ती समुद्र, नदी, अरण्य, पर्वत अशा ठळक खुणांनी. त्या सीमेपलीकडे आपल्या हातून कुणालाच काही होत नाही. संसारात राहूनही तेवढ्या भागापुरते आपण पूर्ण अहिंसक.

त्याच समुद्रात उत्तर सेंटिनेल बेट आहे. तिथल्यांनी दिग्व्रत आपल्यासाठी आखून ठेवलंय, त्यांच्या बाणांनी. २०१८ मध्ये धर्मप्रचारासाठी गेलेला एक अमेरिकन तरुण तिथे मारला गेला. त्याचं वाईट वाटतं. पण "येऊ नका" हे त्यांनी त्याआधी कितीदा तरी सांगितलं होतं.

माझ्याने सासूबाईंसारखं कडक व्रत झेपायचं नाही. मुलगी परदेशात आहे, जावंच लागेल. पण घरी आल्यावर देवापुढे एक छोटा नियम घेतला: जिथल्या माणसाने "ये" म्हटलं नाही, तिथे नुसतं पाहायला म्हणून जायचं नाही.

नियम लहानच आहे. पण तो घेतल्यावर त्या रविवारी उरवाईच्या वाटेने गेले, तेव्हा हसणाऱ्या पोरांवर रागावले नाही. जवळ जाऊन त्यांना आदिनाथांची गोष्ट सांगितली.