रोग्याच्या प्रगतीचे माप

रोगी बरा झाला म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न वरवर पाहता वैद्याचा वाटतो. परंतु थोडा खोल विचार केला असता तो नीतिशास्त्राचाही आहे असे दिसून येईल. ताप उतरला की नाही हे तापमापक सांगतो, आणि त्याविषयी वाद उरत नाही. परंतु पक्षाघाताने एक अंग लुळे पडलेला गृहस्थ किंवा बोटे वाकडी झालेला कुष्ठरोगी यांची कथा दवाखान्याच्या दारात संपत नाही. त्यांस पुन्हा माणसांत आणून बसविणे याला पुनर्वसन म्हणतात. आणि हे कार्य संस्थेच्या चार भिंतींत न कोंडता घर, शेजार व गाव यांच्या हातून घडवून आणावे, या विचारास समाजाधारित पुनर्वसन असे नाव आहे. १९७८ साली आल्मा-आता येथे आरोग्यविषयक जागतिक परिषद भरली. तिच्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने या विचाराचा पुरस्कार केला. असे कार्य चालू असता रोगी किती पुढे गेला हे कोणत्या मापाने ठरवावे, एवढाच आमचा येथे प्रश्न आहे.

माप नकोच, असे म्हणणारे पुष्कळ सज्जन आढळतात. सेवा ही तराजूत घालण्याची वस्तू नव्हे, असे ते म्हणतात. हे म्हणणे ऐकावयास गोड आहे, पण त्यात एक धोका लपलेला आहे. जो मोजीत नाही तो आपल्या सद्भावनेसच फळ समजू लागतो. देणगीदाराचा पैसा, कार्यकर्त्याचे श्रम आणि या दोहोंहून मोलाचा असा रोग्याच्या आयुष्याचा काळ खर्ची पडत असता, त्यातून काय निपजले हे विचारण्याचा अधिकार रोग्यास आहेच. तेव्हा माप हवे. वाद आहे तो कोणते, एवढाच.

या बाबतीत नागपूरकरांस उदाहरण शोधण्यास फार दूर जावयास नको. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेस आरंभ केला, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. आणि नागपुराहून चंद्रपूरच्या वाटेवर वरोऱ्यापाशी, वकिली सोडून आलेल्या बाबा आमटे यांनी सहा कुष्ठरोग्यांस घेऊन १९५१ साली खडकाळ माळावर आनंदवनाचा संसार मांडला. ज्या रोगास आपल्या भाषेने ‘महारोग’ म्हणून माणसाला जिवंतपणीच घरातून वजा केले, त्याच रोगाच्या संदर्भात आपल्या विदर्भाने या प्रश्नाचा अनुभव घेतला आहे.

पहिले माप रोगाचे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासमंडळाने कुष्ठरोगावर अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, आणि जो रोग जन्माचा सोबती मानला जाई तो काही महिन्यांच्या उपचाराने बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये भारतात या रोगाचे प्रमाण दर दहा हजारांस एकाहून कमी झाले. ही गोष्ट खरोखरच अभिमानाची आहे. तथापि हा आकडा कसा बनतो हेही पाहिले पाहिजे. उपचार पुरा झाला की रोग्याचे नाव नोंदवहीतून निघते. नाव निघाले तरी तळहाताची बधिरता राहू शकते. चुलीवरचे तापलेले भांडे उचलताना चटका कळत नाही, जखम होते, ती चिघळते, आणि बोटांची हानी होते ती बहुधा या मार्गाने. नोंदवहीच्या दृष्टीने तो आता रोगी नव्हे. शेजाऱ्याच्या दृष्टीने तो अद्याप रोगीच.

दुसरे माप देहाच्या सामर्थ्याचे. कुष्ठरोगात डोळे, हात व पाय यांची शून्य, एक व दोन अशी प्रतवारी लावतात: काही हानी नसली तर शून्य, संवेदना गेली तर एक, विकृती डोळ्यांस दिसू लागली तर दोन. पक्षाघातासारख्या दुखण्यांकरिता अमेरिकेत डॉ. फ्लॉरेन्स महोनी व डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेले शंभर गुणांचे माप सर्वत्र चालते. जेवणे, स्नान, कपडे घालणे, चालणे, जिना चढणे अशा दहा बाबींत मनुष्य किती स्वावलंबी आहे, हे त्यात पाहतात. या मापाचा उपयोग मोठा आहे. व्यायामाने आज काय साधले हे घरच्या माणसांस त्यावरून कळते. परंतु त्याच्या कर्त्यांनीच असे बजावून ठेवले आहे की, शंभर गुण मिळाले म्हणजे तो मनुष्य एकटा राहू शकेल किंवा चारचौघांत वावरू शकेल असे होत नाही. शंभर गुण मिळवूनही माणूस ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहू शकतो. उलट, ज्याच्या हाताची प्रत कायमची ‘दोन’ आहे असा मनुष्य विणकाम करून स्वतःची भाकर मिळवू शकतो. त्याच्या प्रतवारीत मात्र या पराक्रमाची खूण उमटत नाही.

म्हणून तिसरे माप पुढे आले. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्वाचे जे नवे वर्गीकरण स्वीकारले, त्यात शरीराबरोबर माणसाचा जीवनातील सहभाग आणि त्याच्या भोवतीची परिस्थिती यांसही स्थान मिळाले. तो कामावर जातो काय? लग्नाच्या पंगतीत त्याचे पान मांडले जाते काय? पारावरच्या चर्चेत त्याचा शब्द ऐकून घेतात काय? हे प्रश्न योग्य आहेत, आणि आमच्या मते खरी नैतिक अडचण येथूनच सुरू होते. कारण पंगतीत पान मांडणे न मांडणे हे रोग्याच्या हाती नाही. औषध घेतले त्याने, व्यायाम केला त्याने, लाज गिळून बाहेर पडला तो. आणि वाढप्याने पाठ फिरविली म्हणून प्रगतीचा आकडा उतरला तोही त्याच्याच नावावर! दुसऱ्याच्या अपराधाचे गुण याच्या उत्तरपत्रिकेतून कापणे हा कोणता न्याय?

आनंदवनाच्या इतिहासात याचे उत्तम प्रत्यंतर सापडते. तेथील कुष्ठरोग्यांनी खडक फोडून विहिरी खणल्या, माळावर भाजीपाला पिकविला. परंतु आरंभी तो विकत घेण्यास वरोऱ्याचे लोक धजत नसत. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, रोग्यांच्या खांद्यास खांदा लावून त्यांनी बांधकाम केले, आणि मग लोकांची भीती ओसरू लागली. आता विचार करा: भाजी विकली गेली नाही तेव्हा आणि विकली जाऊ लागली तेव्हा, या दोन काळांत रोग्यांच्या बोटांत काय फरक पडला होता? प्रगती झाली ती गिऱ्हाइकांची. पुढे १९६४ साली याच आनंदवनाने पंचक्रोशीतील मुलांकरिता महाविद्यालय काढले. ज्यांना गावाने दूर लोटले त्यांनीच गावाच्या मुलांस विद्येची सोय करून दिली, ही घटना कोणत्या रकान्यात नोंदवावी?

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो डावलण्याजोगा नाही. आनंदवनासारखी वसाहत हे मुळात समाजाधारित पुनर्वसनच नव्हे. बरा झालेला मनुष्य स्वतःच्या घरी परतला पाहिजे, निराळ्या वस्तीत नव्हे, असे कोणी म्हणेल. घरी परतलेल्यांची संख्या हेच माप धरले तर अशा वसाहतींचे यश फार तोकडे दिसेल, हे मान्य करावेच लागेल. पण ती तोकडी संख्या कोणाचे अपयश दाखविते? दार उघडे असता जो गेला नाही त्याचे, की ज्यांनी दार लावून घेतले त्यांचे? रोगावर खात्रीचे औषध सापडल्यावरही आपल्या विवाहविषयक कायद्यांतून घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख जावयास २०१९ साल उजाडावे लागले. देहातला रोग बारा महिन्यांत जातो. कायद्यातून जावयास त्याला तीन तपांहून अधिक काळ लागला, आणि मनांतून तो केव्हा जाईल ते सांगवत नाही.

यास्तव आमचे म्हणणे असे की, नोंदवहीची दोन पाने असावीत. एका पानावर रोग्याचे जे त्याच्या हाती आहे ते लिहावे, आणि त्यातही कोणते पाऊल महत्त्वाचे हे त्यालाच आधी विचारावे. कारण एखाद्यास जिना चढण्याहून लेकीच्या लग्नात अक्षता टाकावयास उभे राहणे अधिक मोलाचे वाटत असेल. दुसऱ्या पानावर गावाचे लिहावे: किती घरांनी बोलाविले, शाळेने त्याच्या मुलास बसविले काय, दुकानदाराने त्याच्या हातून पैसे घेतले काय. दोहोंची बेरीज करण्याचा मोह मात्र टाळावा. बेरीज केली की गावाची तूट रोग्याच्या जमेतून भरली जाते, आणि हिशेब जुळल्यासारखा दिसतो.

दुसरे पान भरण्यास कार्यकर्ता नाखूष असेल, कारण ते भरावयाचे तर त्याला आपल्याच ओळखीच्या, प्रतिष्ठित घरांची नावे लिहावी लागतील. कदाचित आपले स्वतःचेही घर त्यात येईल. परंतु ज्या माणसाची बोटे, पावले व डोळे आपण इतक्या बारकाईने तपासतो, त्याला आपले दार उलट तपासू देणे, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.