मागून ठोकलेली जुनी गाडी: दुरुस्ती की भंगार

जुन्या मोटारीला मागून धडक बसली की घरात पहिला हिशेब पैशांचा होतो: डेंटिंग-पेंटिंगला किती लागतील आणि विकली तर किती येतील. खर्च जास्त निघाला तर भंगार, कमी निघाला तर गॅरेज. हा हिशेब सोपा आहे, पण अपुरा आहे. जळगाव-धुळ्याकडच्या घरात बारा-चौदा वर्षांची गाडी विकण्यासाठी उभी नसते. चोपडा-यावलच्या खेड्यातून रात्री-अपरात्री पेशंट जळगावला न्यायचा, खताच्या गोण्या शेतावर टाकायच्या, लग्नसराईत पाहुणे पोचवायचे, ही तिची कामे. म्हणून दुरुस्तीच्या खर्चासमोर तिची बाजारातली किंमत मांडून चालत नाही. तितकीच भरवशाची दुसरी गाडी कितीला पडेल, तो आकडा मांडावा लागतो. आणि त्याही आधी एक प्रश्न सुटला पाहिजे: मार पत्र्यावर थांबला की आत गेला?

खानदेशात हा प्रश्न नेहमीचा आहे. सुरत-नागपूर महामार्ग (पूर्वीचा क्रमांक 6, आताचा 53) आणि मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. लळिंगच्या घाटात मालाने भरलेले ट्रक उतारावर असतात. केळी आणि कापसाच्या हंगामात टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि त्या दिसताच पुढच्या गाडीला एकदम ब्रेक मारावा लागतो. 4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ एक कंटेनर वाहनांना धडका देत थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान 10 जण दगावले. मागून येणारा भार किती मोठा असू शकतो, याचा हिशेब दुरुस्ती ठरवतानाही धरावा लागतो.

गाडीच्या मागच्या भागात बाहेर दिसते ते बंपरचे प्लास्टिक आवरण. त्यामागे आडवा पोलादी बार, मग डिकीचा तळ आणि दोन्ही बाजूंना लांब मेंबर. ऑल्टो, वॅगनआरसारख्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते. बॉडी हाच सांगाडा. बोलेरो किंवा जुन्या सुमोत शिडीसारख्या चेसिसवर बॉडी बसवलेली असते. त्यामुळे बाहेरून सारखाच दिसणारा पोचा दोन गाड्यांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. बोलेरोचा मागचा दरवाजा चेपला तरी चेसिस सरळ असू शकते. वॅगनआरची डिकी तेवढीच चेपली तर मेंबर वाकल्याची शंका घ्यायलाच हवी.

ही शंका फेडायला मोठी यंत्रे लागत नाहीत. डिकीतले कार्पेट उचलून स्टेपनी काढली की खळग्याचा पत्रा उघडा पडतो. तिथे सुरकुत्या दिसल्या, वेल्डिंगचे टिपके उसवलेले दिसले किंवा जोडावरचे सीलर फाटलेले असले, तर मार आत पोचला आहे. मग मागची दारे उघडून पाहावीत: वरची फट बारीक आणि खालची रुंद झाली असेल, किंवा दार उचलून लावावे लागत असेल, तर सांगाडा सरकला आहे. गाडी उचलून तळातल्या ठरावीक भोकांमधले तिरके माप टेपने दोन्ही बाजूंनी घ्यायचे. दोन्ही मापे जुळली नाहीत तर गॅरेजवाल्याच्या शब्दापेक्षा टेपवर विश्वास ठेवावा. डिकीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर तो, त्याचे ब्रॅकेट आणि पाइप तपासून घेतल्याशिवाय गाडी चालवू नये. दर 3 वर्षांची हायड्रो टेस्ट नुकतीच झाली असली, तरी धडकेनंतर तिचा आधार पुरत नाही.

मार पत्र्यावरच थांबला असेल तर दुरुस्ती करावी, गाडी कितीही जुनी असो. जुन्या बाजारातून डिकीचा दरवाजा आणि टेललाइट मिळाली की खर्च बराच उतरतो. मेंबर दुमडले असतील तर मात्र उत्तर बदलते. ते धक्का पोटात घेऊन एकदा दुमडण्यासाठीच घडवलेले असतात. गॅसवर तापवून, साखळीने ओढून सरळ केले तरी पहिली ताकद परत येईलच असे नाही. मागच्या सीटवर बहुतेक वेळा मुले आणि म्हातारी माणसे बसतात.

विम्याचे गणित जुन्या गाडीच्या बाजूने नसते. संपूर्ण विमा असला तरी 10 वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. प्लास्टिक आणि रबरावर तर वय कितीही असो, 50 टक्केच. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या विमा कंपनीकडून गाडीच्या नुकसानीचे काही मिळत नाही. पण चूक मागच्या वाहनाची असेल तर त्याच्या विम्याकडून भरपाई मागता येते. जागेवर दोन-चार हजारांत मिटवण्याआधी पोलिसांत नोंद करावी, कारण आतले नुकसान गॅरेजमध्येच कळते.

सर्वांत वाईट मार्ग तिसराच: दुमडलेल्या सांगाड्यावर लांबी भरायची, रंग मारायचा आणि गाडी विकून टाकायची. त्यात तोटा टळत नाही, तो अनोळखी कुटुंबाच्या मागच्या सीटवर जातो. विकायची असेल तर धडकेची माहिती आणि गॅरेजचे बिल घेणाऱ्याला दाखवून विकावी.

महाराष्ट्रात खासगी गाडी केवळ वयामुळे मोडीत काढावी लागत नाही. 15 वर्षांनंतर तपासणी करून 5 वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. गाडी दुरुस्त होणारच नसेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवावे लागते. एमएच 18 असेल तर धुळ्याला, एमएच 19 असेल तर जळगावला. नोंदणी रद्द होईपर्यंत कागदोपत्री गाडी मालकाच्याच नावावर राहते.