प्रार्थना आणि पराभव



अमेरिकेची कॅथलिक जलतरणपटू केटी लेडेकी शर्यतीपूर्वी ‘नमो मरिया’ म्हणते. २०१२ साली, वयाच्या १५ व्या वर्षी तिने पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. २०२४ पर्यंत ती संख्या ९ झाली. पण आपण तिचा २८ जुलै २०२१ चा दिवस पाहू या. टोकियोत २०० मीटर शर्यतीत ती पाचवी आली. सुमारे तासाभराने ती पुन्हा पाण्यात उतरली आणि ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी प्रथमच झालेली १५०० मीटर शर्यत जिंकली.

मग आधीची प्रार्थना वाया गेली का? मागितलेले मिळाले नाही की आपण देवावर रुसतो, मिस्सा चुकवतो. प्रार्थना ही यशाची हमी नव्हे. हरल्यावर पुन्हा उतरण्याचे ते बळ आहे. ह्या आठवड्यात आपण हे बळ मागू या.