गेलेल्या महिन्यांचा दावा

१९९४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील एक गृहस्थ डाव्या काखेतील गाठ दाखविण्यासाठी आपल्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा ती चरबीची निरुपद्रवी गाठ असल्याचे सांगून डॉक्टरांनी त्यांना परत पाठविले. पुढे बिऱ्हाड बदलल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना रुग्णालयाची वाट दाखविली, गाठीचा तुकडा तपासला गेला, आणि ती गाठ लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, म्हणजे नॉन-हॉजकिन लिंफोमाची, निघाली. मध्ये सुमारे नऊ महिन्यांचे कालहरण झाले होते आणि तेवढ्या अवधीत रोगाने छातीकडे मजल मारली होती. पहिल्या डॉक्टरांनी हयगय केली, ही गोष्ट न्यायालयात शाबीत झाली. आणि तरीही नुकसानभरपाईचा दावा खालपासून वरपर्यंत फेटाळला गेला.

हयगय सिद्ध होऊनही भरपाई शून्य, हा निकाल कायद्याशी परिचय नसलेल्या वाचकाला विक्षिप्त वाटेल; परंतु त्यामागील तर्क मोठा काटेकोर होता. तज्ज्ञांच्या साक्षीवरून असे ठरले होते की वेळीच उपचार झाले असते तर हा रोगी बरा होण्याची शक्यता शेकडा ४२ होती आणि विलंबामुळे ती २५ वर आली. दिवाणी न्यायाची कसोटी अशी की जी गोष्ट घडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक ती घडलीच असे धरावयाचे, आणि जिची निम्म्याहून कमी ती घडलीच नसती असे मानावयाचे. ४२ हा आकडा पन्नासाच्या आतला. तेव्हा हा मनुष्य मुळातच बरा होणारा नव्हता, आणि जो बरा होणारच नव्हता त्याचे डॉक्टरांनी काय नेले? २००५ च्या जानेवारीत ‘ग्रेग विरुद्ध स्कॉट’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी या युक्तिवादावर शिक्कामोर्तब केले.

अल्पमतातील लॉर्ड निकल्स यांचा आक्षेप मला अद्यापि निरुत्तर वाटतो. ज्या रोग्याची आशा साठ टक्के होती त्याची ती सर्वस्वी बुडाली तर त्याला पूर्ण भरपाई, आणि ज्याची चाळीस टक्के होती त्याची तितकीच बुडाली तर कवडीही नाही, असा नियम केला म्हणजे रोग जितका दुर्धर तितके वैद्याचे उत्तरदायित्व हलके, असा विपरीत सिद्धान्त हाती येतो. वस्तुतः ज्याच्यापाशी थोडेच शिल्लक आहे त्याच्या बाबतीत हात अधिक जपून चालावयास हवा. आपल्याकडे महसूल खात्याच्या दप्तरात पिकाची आणेवारी लावतात, आणि पन्नास पैशांच्या खाली गेलेल्या गावाला वर्षानुवर्षे सारासूट व अन्य सवलती मिळत आल्या आहेत. रेषा तिथेही निम्म्यावरच ओढलेली, पण ती ओढली आहे बुडालेल्याला हात देण्यासाठी. इंग्लंडच्या न्यायासनाने तीच रेषा नेमकी उलट्या बाजूने वाचली.

बहुमताची बाजू मात्र केवळ कठोरपणाची नव्हती. शक्यतेच्या ऱ्हासाला नुकसान मानले तर हयगयीच्या कायद्याची सारी घडी विसकटेल आणि विमा कंपन्या व सरकारी आरोग्यसेवा यांच्यावर अपरिमित बोजा पडेल, ही लॉर्ड हॉफमन यांची भीती अगदीच काल्पनिक म्हणता येणार नाही. शिवाय निकालाच्या दिवशी तो रोगी हयात होता. बरे होणे म्हणजे दहा वर्षे रोगमुक्त राहणे, अशा व्याख्येवर सारी टक्केवारी बेतलेली, आणि दहा वर्षे उलटून गेल्यावरही वादी जिवंत. शेकडा हिशेब समूहाचा असतो, माणूस मात्र एकटाच जगतो किंवा मरतो, ही अडचण खरी आहे. तथापि अडचण खरी असली म्हणून नऊ महिन्यांची किंमत शून्य ठरत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८३ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे असेच प्रकरण आले होते. तिथे जगण्याची शक्यता ३९ वरून २५ वर घसरली होती, आणि त्या न्यायालयाने दावा जूरीपुढे जाऊ दिला. फ्रान्समध्ये तर हुकलेली संधी हेच एक स्वतंत्र नुकसान होय, हे तत्त्व वैद्यकीय खटल्यांत साठच्या दशकापासून रूढ आहे. त्यापायी तेथील रुग्णालये ओस पडल्याचे कोणी ऐकलेले नाही.

आपल्याकडे प्रश्न टक्क्यांच्या आधीच, मुदतीच्या उंबरठ्यावर अडखळतो. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. २०१९ च्या नव्या कायद्यानेही फिर्यादीला दावा उद्भवल्यापासून दोन वर्षांचीच मुदत ठेवली आहे. पण तो उद्भवतो केव्हा? गोव्यातील एका परिचारिकेवर १९९३ साली मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या पोटात राहून गेलेले गॉज २००२ साली दुसऱ्या शस्त्रक्रियेत सापडले. तिने २००४ साली तक्रार गुदरली. हयगयीचा परिणाम गुप्त राहिला असेल तर तो कळल्यापासून मुदत मोजावी, हे तत्त्व २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण नऊ वर्षे पोट दुखत असताना, स्वतः अनुभवी परिचारिका असूनही, ती मूळ शल्यविशारदाकडे गेली नाही, या कारणास्तव तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. ते प्रकरण कर्करोगाचे नव्हते, परंतु कर्करोग्याने त्यापासून धास्ती घ्यावी असेच आहे. कारण या रोगाचा स्वभावच मुळी प्रारंभी मौन पाळण्याचा. न्यूयॉर्कमध्ये एका स्त्रीच्या क्ष-किरणचित्रात २०१० साली दिसलेली संशयास्पद गाठ तिला कोणी सांगितली नाही, आणि रोग उघड झाला तोवर तिची मुदत संपून गेली होती. ती गेली, आणि २०१८ साली तिच्याच नावाने झालेल्या ‘लॅव्हर्न्स लॉ’ने कर्करोगाच्या हुकलेल्या निदानापुरती मुदत रोग्याला कळल्यापासून मोजावयास सांगितली. वादीच्या विलंबाचा दिवसन्‌दिवस हिशेब ठेवणाऱ्या कायद्याने रोग्याच्या गेलेल्या महिन्यांबाबत इतके उदासीन राहावे, याचे नवल वाटते.

आता वैद्यांची कैफियत. आपल्या तालुक्याच्या गावातील डॉक्टरांपुढे खोकल्याचे रोगी रांगेने येतात, चित्रात छाया दिसली तर ती बहुधा क्षयाचीच असते, आणि त्या समजुतीने सुरू झालेल्या औषधांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मोलाचे महिने निघून जातात, हे या क्षेत्रात सर्वांस ठाऊक आहे. प्रत्येक चुकलेले निदान म्हणजे हयगय नव्हे. निर्णयातील चूक आणि हयगय यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केला आहे, आणि तो योग्यच आहे. पहिल्या भेटीत क्षय वाटणे क्षम्य. महिनोन्‌महिने औषधाने गुण येत नसता तेच औषध पुढे लिहीत राहणे आणि थुंकीची किंवा तुकड्याची तपासणी न सांगणे, हे मला क्षम्य वाटत नाही.

आणि त्याहूनही अक्षम्य ती लपवणूक. आयर्लंडमधील व्हिकी फेलन या बाईंची गर्भाशयमुखाची चाचणी २०११ साली निर्दोष म्हणून कळविली गेली. २०१४ साली कर्करोग निघाला, तेव्हा जुनी काचपट्टी पुन्हा तपासून पहिला अहवाल चुकल्याचे आरोग्ययंत्रणेला समजलेही. बाईंना ते कळले २०१७ साली. २०१८ च्या एप्रिलात चाचणी करणाऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेने पंचवीस लाख युरोंवर तडजोड केली, पण बाईंनी गुप्ततेच्या अटीवर सही करण्याचे साफ नाकारले, आणि त्या एका नकारामुळे अशा दोनशेहून अधिक स्त्रियांचे प्रकरण उजेडात आले. त्यांतील बहुतेकींना काहीच सांगितले गेले नव्हते. सामूहिक चाचणीत काही रोग निसटतातच, हे त्या बाईंनाही मान्य होण्यासारखे होते. निसटल्याचे कळूनही कोणी तोंड उघडले नाही, हा गुन्हा निराळा. बाई २०२२ साली निवर्तल्या, आणि गंभीर चूक रोग्याला सांगणे बंधनकारक करणारा कायदा तेथे २०२३ साली झाला. तसा कायदा आपल्याकडे व्हावयास हवा. नुकसानभरपाईच्या रकमा वाढविण्याआधी व्हावयास हवा.

तोवर रोग्याच्या हाती कागद तेवढा उरतो. केसपेपरच्या नकला रोग्याला मिळाल्या पाहिजेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच दिला आहे. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्यावयाच्या असतात, मात्र दप्तर जपून ठेवण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे. तेव्हा वाचकांनी अहवाल, चित्रे आणि तुकड्याच्या काचपट्ट्या आजार चालू असतानाच मागून घ्याव्यात. अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच घ्यावी.