सुटे भाग आणि एक नाव

भाग बदलत गेलेली वस्तू तीच राहते का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. ट्यून केलेली एखादी जुनी जर्मन स्पोर्ट्स सेडान विक्रीला निघते तेव्हा तो व्यवहारात उभा राहतो. मर्सिडीज-बेंझची ५०० ई हे त्याचे चांगले उदाहरण. पुण्यात १९९५ पासून ज्या डब्ल्यू १२४ मालिकेच्या गाड्या जोडल्या गेल्या, त्याच मालिकेतली ही पाच लिटर, व्ही-८ इंजिनाची गाडी १९९० मध्ये आली. तयार होताना तिची बॉडी मर्सिडीज आणि पोर्श यांच्या कारखान्यांत ये-जा करत असे. पुढे मालक बदलतात तसे सस्पेन्शन, ब्रेक, एक्झॉस्ट बदलतात, कधी इंजिनही. नाव मात्र ‘५०० ई’ हेच राहते.

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उत्तर रथाच्या दृष्टान्तातून आले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन उभारल्यामुळे मराठी माणसाला ही दोन्ही नावे परिचित आहेत. नागसेन राजाला विचारतो: आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते. सगळे भाग वगळून उरणारा वेगळा रथही सापडत नाही. ‘रथ’ हे जुळणीला व्यवहारापुरते दिलेले नाव ठरते, आणि माणसाचेही तसेच.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरीखुरी असते. पण अवयव काढला वा नवा जोडला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असेही ते मानतात. या काटेकोर हिशेबाने इंजिन बदललेली ५०० ई ही नवीच गाडी होय.

सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने याच प्रश्नाला आणखी एक पेच जोडला. ग्रीक कथांतल्या थिसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून पुन्हा जोडल्या, तर मूळ जहाज कोणते? चेन्नईत एग्मोरला लागून असलेल्या पुदुपेटच्या बाजारात हा पेच कल्पनेतला राहत नाही. तिथे मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग विकले जातात आणि दुसऱ्या गाड्यांत बसतात. एग्मोरच्याच शासकीय संग्रहालयात अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे शिल्पपट आहेत, तर त्याच स्तूपाचे इतर पट लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. वस्तू विखुरली तरी दोन्हीकडे नाव एकच चालते.

कायदा हा वाद खुणेवर सोडवतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर यांवरून गाडी ओळखली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. पण नंबर जुळला म्हणजे गाडीचे पूर्वायुष्य कळले असे होत नाही.

इथे नागसेनाचे दुसरे उत्तर महत्त्वाचे ठरते. आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने पेरलेले आंबे वेगळे, मी नेलेले वेगळे. नागसेन त्याला दोषीच ठरवतो, कारण नंतरचे आंबे आधीच्यांतूनच आले. रात्रभर जळणारी दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी होती तीच नसते आणि निराळीही नसते. तिथे प्रवाह अखंड असतो. बौद्ध विचारात कर्माची जबाबदारी टिकते ती अशा प्रवाहावर. तिला न बदलणाऱ्या आत्म्याची गरज लागत नाही.

म्हणून स्थायी सार नाकारल्याने नीती सैल पडत नाही. उलट इतिहासाचे मोल वाढते. गाडीचे ‘मूळपण’ कुठल्याही एका भागात दडलेले नसेल, तर विकणाऱ्याने प्रामाणिकपणे द्यायची गोष्ट म्हणजे तिचा अखंड वृत्तान्त: काय बदलले, केव्हा, कशाने, काय मोडले होते. हा वृत्तान्त लपवून केवळ नाव विकणे म्हणजे आंबेचोराचाच युक्तिवाद. तो सांगून विकलेली गाडी, तिचे कितीही भाग बदललेले असोत, खऱ्या नावाने विकली जाते.